इतरमधलं खडपबेट

खडपबेट शून्य झालं ते एका मंगळवारी सकाळी सहाला. अक्षता पोतनीसला ते नऊला पाच कमी असताना कळलं. तिने पिशवी खुर्चीला अडकवली, स्क्रीन उघडला, आणि काल जिथे एक कोटी नव्वद लाख होते तिथे आज भोपळा. तिने एक कचकचीत शिवी हासडली. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून दुसरीही हासडली.

बाणेरच्या त्या ऑफिसात खुर्च्या चव्वेचाळीस आणि माणूस एक. बाकीचे घरून काम करायचे, आणि त्यांचंही निम्मं काम आता यंत्रच करायचं. माणूस हलला तरच पेटायचं, एवढी अक्कल दिव्यांना दिलेली. अक्षता जरा विचार करत बसली की अंधार. मग हात हलवायचा, जसं काही कोणाला टाटा करतोय. घरून काम करायची परवानगी तिलाही होती. पण आई गेल्यापासून घरात दिवेसुद्धा तिची दखल घेत नव्हते.

कंपनीचं नाव स्वादुजल. समुद्राचं पाणी गोडं करून विकायचं, हा धंदा. दोन हजार सत्तेचाळीस सालापर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर तिचे चाळीस प्रकल्प झाले होते, आणि त्या सगळ्यांवर बसलेलं एक यंत्र होतं, पारख. प्रत्येक पंपाला, प्रत्येक नळीला बोटाच्या पेराएवढी चकती चिकटवलेली. जुना मेकॅनिक कसा पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाशी धरतो, तशी ती चकती ऐकत बसायची. थरथर किती, ताप किती, वीज किती खाल्ली. त्यात पाण्याचा भाव, गावातली माणसं, पुढच्या दहा वर्षांचं हवामान असं सगळं कालवून पारख रोज सकाळी सहाला सांगायचं की हा प्रकल्प मरेपर्यंत किती कमावणार.

आता यात नवीन काही नाही. हिशेबाचा नियम जुनाच आहे. वस्तू वहीत ज्या किमतीला लिहिलीय, तेवढी ती कमावणार आहे का, ते बघायचं. नसेल तर आज विकून किती येतील ते बघायचं. दोन्हींतला जो आकडा मोठा, तो धरायचा. तोही वहीतल्या किमतीपेक्षा कमी निघाला, तर फरक तोटा म्हणून लिहून टाकायचा आणि गप्प बसायचं. पूर्वी हे वर्षातून एकदा व्हायचं, दहा साहेब चहा पीत दहा दिवस वाद घालायचे, आणि त्या वादात एखादा पंप तगून जायचा. पारख चहा पीत नव्हतं. आणि संचालकांनी त्याला एक जादा अधिकार दिला होता: जो प्रकल्प शून्यावर आला आणि तीस दिवस शून्यावरच राहिला, त्याची वीज पारख स्वतःच तोडणार.

खडपबेटाचं पाणी विकत घ्यायला बेटावर आता नऊ घरं उरली होती. विकायचं म्हटलं तर भंगाराच्या पैशापेक्षा होडीचं भाडं जास्त. म्हणून भोपळा.

कंपनीच्या अहवालात खडपबेटाचं नावही यायचं नाही. उत्तर कोकण, दक्षिण कोकण, कारखान्यांचं पाणी, असे विभाग होते. ज्याचं उत्पन्न, नफा किंवा मालमत्ता एकूणच्या दहा टक्केसुद्धा नाही, त्याला वेगळं दाखवायची सक्ती नसते. असली सगळी चिल्लर एका ओळीत कोंबायची आणि वर लिहायचं, इतर. एकेकाळी या इतरमध्ये सात प्रकल्प होते. विकून, मोडून, बंद करून एकच राहिला. त्या ओळीचा हिशेब बघायचं काम अक्षताकडे. ती सीए नव्हती. दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटली, तिसऱ्या वेळी पुस्तकं रद्दीत घातली आणि रद्दीवाल्याशी वजनावरून भांडून आली. त्यामुळे इतर.

नऊ वाजले आणि फोन वाजला.

"बोला होडेकर."

"बोलतो गो बाय. पंप सहा तास. खारटपणा दोनशे दहा. फिल्टरचा दाब सहावर गेलाय. झार आलाय परत."

झार म्हणजे जेलीफिश. समुद्र तापला तसा झार वाढला. इस्माईल होडेकर हा खडपबेटाचा एकुलता एक ऑपरेटर, त्रेसष्ट वर्षांचा. बेटावरच्या चकत्या खाऱ्या वाऱ्याने सहा महिन्यांत कुजायच्या, रेंजही धड नाही, म्हणून चाळिसातला हा एकच प्रकल्प असा होता की ज्याचे आकडे माणूस फोनवर सांगायचा आणि दुसरा माणूस टाइप करायचा.

"दाब सहा. टाकी?"

"अर्धी. जाळी धुतली, परत भरली. थुलथुलीत नुसतं, हातातून सुटतं. कालच्या पोळीसारखं नाय गो, सोलकढीत पडलेल्या..."

"टाकी अर्धी. अजून काही?"

"नाय. ठेवतो, दांडेगावाला फोन लावायचाय."

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे अक्षताने टाइप केलं, ठीक. चार वर्षं ती तिथे हेच टाइप करत होती. पहिल्या महिन्यात तिने होडेकर बोलतील ते सगळं लिहिलं होतं, वारा, झार, कोणाची होडी कुठे लागली. तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि म्हणाले, कादंबरी छापायची आहे का? लोक हसले. अक्षताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या दिवसापासून ठीक. राग पण असा की साहेब बदलले तरी ठीक काही बदललं नाही.

फोन ठेवल्यावर ती त्या भोपळ्याकडे बघत बसली. दिवे गेले. तिने हात हलवला नाही. तीस दिवसांनी खडपबेट बंद होणार, आणि मग नऊ वाजता काय होणार, ते तिला लख्ख दिसत होतं. काहीच होणार नव्हतं. दिवसभरात तिच्याशी बोलणारा जिवंत माणूस तेवढा एकच होता.

पाच दिवस तिने तोंड उघडलं नाही. कंपनीचा नियमच होता, पारखचे आकडे प्रकल्पावर सांगायचे नाहीत. सहाव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"होडेकर, तुमचा प्रकल्प बंद होणारेय. चोवीस दिवस राहिलेत."

"कोणी सांगितलान?"

"यंत्राने. आता नीट ऐका. समजा तुमची होडी आहे. वहीत लिहिलीय दोन लाखांची. अजून ती दीड लाखाचे मासे आणेल. आज विकली तर ऐंशी हजार. मग मोठा आकडा कुठला, दीड लाख. म्हणजे पन्नास हजार बुडाले, ते आजच लिहायचे. कळलं? तुमच्या पंपाचं असं केलं तर काहीच उरत नाही."

"आणि जाळं?"

"कसलं जाळं?"

"होडीतलं. त्याची पण परीक्षा घेतली काय यंत्राने? जाळं एकटं किती मासं आणणार, नुसत्या होडीत किती मासं उड्या मारणार?" होडेकर हसले. "जाऊ दे. तुला काय बोलून उपयोग. ठेवतो. दांडेगावाला लावायचाय."

"थांबा," अक्षता म्हणाली. "रोज दांडेगावाला कशाला फोन करता?"

"रोज नाय गो. झार आला की."

"पण का?"

"चार वर्षं सांगतोय मी तुला," होडेकर म्हणाले, आणि आवाज चढला नाही म्हणूनच तो तिला जास्त लागला. "इथून ओढ आहे पाण्याची. झार आधी माझ्या जाळीत भरतो. चार तासांनी दांडेगावाला पोचतो. मी फोन केला की ते समुद्राकडचं तोंड बंद करतात, झार निघून जातो, मग उघडतात. नाय केला तर त्यांची एवढी मोठी जाळी भरते आणि दिवस जातो साफ करायला. चार लाख माणसं पितात तिथलं पाणी."

दांडेगाव म्हणजे उत्तर कोकणातला सगळ्यांत मोठा प्रकल्प. कंपनीचा लाडका. सगळ्यांत कमी बंद पडणारा म्हणून पारख त्याच्या जाळीची किंमत दरवर्षी वाढवायचं. अक्षता खुर्चीत सरळ झाली. खडपबेटाची जाळी तुंबते म्हणून पारख त्याला नापास करत होतं. आणि ती तुंबते म्हणूनच तर दांडेगाव पास होत होतं. हे दोन प्रकल्प नव्हतेच. एक होडी होती, एक जाळं. नियमातही हे लिहिलेलं आहे, तिने दोनदा नापास होताना पाठ केलेलं: जी वस्तू एकटी कमवत नाही, तिची परीक्षा एकटीची घ्यायची नाही. ज्यांची कमाई एकमेकांत गुंतलीय तो अख्खा गट एकत्र तोलायचा.

"होडेकर, तुम्ही फोन केल्याचं कुठे लिहून ठेवलंय?"

"कॅलेंडरवर. झार आला की पेन्सिलीने झ."

"किती वर्षांची कॅलेंडरं आहेत?"

"सगळी आहेत. खिळ्याला एकावर एक."

"काढा. वाचा."

त्या दिवशी ते तीन तास बोलले. चार वर्षांत मिळून तेवढे बोलले नसतील. होडेकर तारखा वाचायचे, अक्षता दांडेगावच्या झडपेच्या नोंदी उघडून बसलेली, तिथे नुसतं लिहिलेलं असायचं, प्रतिबंधक देखभाल. कोणी सुचवली, का केली, काही नाही. तीन जून, झ. तीन जून, झडप बंद. नऊ जून, झ. नऊ जून, झडप बंद. मधेच ते म्हणायचे, "या दिवशी पावट्याचं बी पेरलं," किंवा "ह्याच्या खाली कायतरी लिहिलंय, चष्मा आणतो." ती थांबायची. एकदा तर ती हसलीसुद्धा, आणि आपल्याच आवाजाने दचकली. दोनशे चौदा झ, दोनशे चौदा बंद झडपा.

"पंचेचाळीसचा नोव्हेंबर," ती म्हणाली. "अठरा ते एकवीस. तुमच्याकडे काही खूण आहे?"

"नाय."

"इथे दांडेगाव एकोणीस तास बंद होतं. जाळी भरली. शहरात टँकर फिरले. झार तर होता. तुम्ही फोन नाही केलात?"

"मी नव्हतो गो. झुलेखाला रत्नागिरीला नेलेली."

"कोण झुलेखा?"

वाऱ्याचा आवाज आला. मग कॅलेंडरची पानं परत खिळ्याला अडकवल्याचा.

"माझी बायको. वीस तारखेला गेली ती."

अक्षताने स्वतःच्या नोंदी उघडल्या. अठरा नोव्हेंबर: पंप सहा तास, खारटपणा दोनशे दहा, ठीक. एकोणीस, तेच. वीस, तेच. एकवीस, तेच. चार दिवस फोन आला नव्हता, तिने लावला तर उचलला नव्हता, तेव्हा सतरा तारखेचे आकडे तिने चारदा खाली ओढले होते. बेटावर पंप बंद होता, माणूस कबरस्तानात होता, आणि वहीत सगळं ठीक. बावीस तारखेचा फोनही तिला आठवला. ते म्हणाले होते, जरा बाहेर होतो गो. ती म्हणाली होती, कळवायचं तरी.

गुरुवारी विहान बेहेरे आला. हा मुख्य हिशेब अधिकारी, एकोणतीस वर्षांचा, आठवड्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवायचा. अक्षताने त्याला कॅलेंडरांचे फोटो आणि झडपेच्या नोंदी शेजारी शेजारी लावून दाखवल्या. त्याने दोनदा वर-खाली केलं. पोरगा हुशार होता, त्याला पाच मिनिटांत कळलं, आणि कळल्यावर तो खुर्चीत मागे रेलला.

"छान आहे, ताई. पण योगायोग म्हणतील. झार दांडेगावच्या कॅमेऱ्यातही दिसतो. त्यांनी स्वतःच बघून झडप बंद केली असेल."

"कॅमेऱ्यात दिसतो तो जाळीत भरल्यावर. तोवर उशीर झालेला असतो."

"ते तुमचं म्हणणं झालं. मला असा एक दिवस दाखवा की खडपबेट बंद होतं आणि त्यामुळे दांडेगाव तुंबलं. तुमच्याच नोंदी बघा की. खडपबेट चार वर्षांत एक दिवस बंद नाहीये. मग अवलंबून आहे हे कशावरून म्हणायचं?"

अक्षताने नोव्हेंबरचं पान उघडलं.

"हे चार दिवस ते बंद होतं."

"इथे सहा तास पंप लिहिलाय."

"मी लिहिलाय. मनाने. फोन आला नव्हता. त्या माणसाची बायको वारली होती, आणि मी आदल्या दिवसाचे आकडे ओढले."

विहानने तिच्याकडे बघितलं. बाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं, त्याची टींटीं चालू होती.

"ताई, याला खोटी नोंद म्हणतात."

"मला माहितीये याला काय म्हणतात. दोनदा नापास झालेय, आंधळी नाही झाले."

"म्हणजे तुम्ही म्हणताय, यंत्र चुकलं."

"यंत्र कुठे चुकलं? त्याला जे खायला घातलं त्यावर ते बरोबर बोललं. शेऱ्यात मी झार एकदा जरी लिहिला असता ना, तरी त्याने दोन्ही जोडून बघितलं असतं. चौदाशे दिवस मी त्याला ठीक खायला घातलं."

"हे लेखी द्याल?"

तिला ठाऊक होतं हा प्रश्न येणार. येताना रिक्षात ती हाच विचार करत होती. गप्प बसली तर खडपबेट जाईल, पण ती राहील, दुसरं काहीतरी काम देतील. लिहून दिलं तर उलटं.

"देते."

"मग तुम्हाला यापुढे कुठलीच नोंद करता येणार नाही. आणि तिमाही संपल्यावर पुढचं काय, ते माझ्या हातात नाही."

"कागद दे इकडे," अक्षता म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. लेखापरीक्षकांनी होडेकरांशी बोलून घेतलं, रत्नागिरीच्या हॉस्पिटलातून तारखा मागवल्या. पारखला दोन्ही प्रकल्प एकत्र तोलायला सांगितलं, आणि त्याने दुसऱ्या सकाळी सहाला, कसलीही लाज न बाळगता, सांगून टाकलं की दोन्ही मिळून तोटा शून्य. खडपबेटाचा जुना आकडा जागेवर आला. तीसपैकी सव्वीस दिवस उलटले होते. शेऱ्याच्या रकान्याला नवीन नाव मिळालं, समुद्राची खबर, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाईना.

आणि एक झालं. दांडेगावशी जोडल्यावर खडपबेट उत्तर कोकणात गेलं. त्याचे आकडे यापुढे दांडेगावातूनच घ्यायचे ठरलं. तिथे शर्वी नावाची एक नवीन मुलगी लागली होती, तिच्याकडे ते काम. अहवालातली इतर ही ओळ रिकामी झाली. विहानने निरोप पाठवला, ती काढून टाका. नोंद करायचा अधिकार अक्षताकडे नव्हता, काढायचा होता. तिने काढली. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना चिकटल्या, मधे काही होतं असं वाटेना.

शेवटचा फोन तिनेच केला.

"उद्यापासून मला नका करू. दांडेगावची शर्वी तुम्हाला करेल, नऊला."

"आणि तुझं काय, बाय?"

"माझं काय. दुसरं काम आहे."

"काय काम?"

"आहे," ती म्हणाली.

"बरं. माझी जाळी वाचवलीस. बेटावर येशील तेव्हा कुळथाचं पिठलं खाऊन जा. झुलेखासारखं नाय जमत, पण जमतं."

"येईन," ती म्हणाली. दोघांनाही माहीत होतं की पुण्याहून खडपबेट म्हणजे एक बस, एक जीप आणि एक होडी, आणि जायला काहीतरी कारण लागतं.

दुसऱ्या दिवशी नऊला ती ऑफिसात बसली होती. नऊ वाजून एक मिनिट झालं. दोन झाली. तिने स्वतःला समजावलं, आकडे पोचताहेत की नाही ते विचारायला काय हरकत आहे, आणि फोन लावला.

"हां, बाय," होडेकरांचा आवाज घाईत होता. "थांब हां, ती दुसरी पोरगी आहे लाईनवर. मी हे बटण..." काहीतरी दाबलं गेलं, खरखर झाली, आणि मग एक मुलगी अगदी अक्षताच्या कानात बोलली.

"चाचा? आहात ना? न्याहारी झाली काय तुमची?"

"झाली गो. कालचा भात होता. एकट्याला किती लागतं."

"एकटे कशाने? चाची कुठे?"

"चाची गेली माझी. दोन वर्षं होतील आता."

"अरे देवा," मुलगी म्हणाली. "मग रांधता कोण? तुम्हीच? भाकरी येते काय तुम्हाला?"

"येते, पण गोल नाय येत."

मुलगी हसली. होडेकरही हसले. पहिला दिवस, दोन मिनिटं. अक्षताने फोन कानाला घट्ट धरला होता. शेजारच्या खुर्च्यांवरचे दिवे एकेक करून विझत चालले होते.

"चाचा, लाईनवर आणखी कोणतरी आहे काय? श्वास ऐकू येतोय."

अक्षताचा अंगठा लाल बटणावर गेला.

"आहे," होडेकर म्हणाले. "ती पुण्याची बाय माझी. असू दे तिला. तू लिहून घे. पंप सहा तास."

तिने अंगठा काढून घेतला, आणि शेवटच्या आकड्यापर्यंत मुकाट ऐकत बसली.